परत न केलेलं ताट

माझ्या दुकानात पाटी आहे: 'डिस्क दोन दिवसांत परत. सबबी सांगू नयेत.' खाली माझं नाव, पेद्रू. बांद्याच्या बाजारात ही पाटी वीस वर्षं लटकतेय, आणि वीस वर्षं लोक मला सबबीच सांगतायत. कुणाच्या डिस्कवर मांजर बसलं, कुणाची काकी डिस्क पर्समध्ये घालून बेळगावला गेली. मी सगळं ऐकून घेतो आणि दंड लावतो. दुसऱ्याची वस्तू वेळेवर परत करायची, एवढी साधी अक्कल माणसाला नको?

व्हिडिओ गेमच्या डिस्क भाड्याने देणं हा माझा धंदा. गोव्यात मापशाला जायचं, तिथल्या पोरांच्या खेळून झालेल्या डिस्क विकत घ्यायच्या, पुसून-बिसून इथे भाड्याने लावायच्या. प्रत्येक डिस्कला वाचनालयासारखं कार्ड, त्यावर नेणाऱ्याची सही. हल्ली गेम थेट मशीनमध्येच उतरतात, डिस्क लावतो कोण? पण माझी दहा-बारा गिऱ्हाईकं अजून धरून आहेत, आणि मीही.

धंदा जोरात होता तेव्हा मागच्या गल्लीत माझा जिवलग दोस्त लवू मोबाइल दुरुस्त करायचा. बारा वर्षांपूर्वी त्याने नकली डिस्क विकायला काढल्या. माझ्याकडे खरी डिस्क दोन दिवसांसाठी, त्याच्याकडे नक्कल कायमची! माझी गिऱ्हाईकं पळाली. पैशाचं दुःख झालं, नाही कशाला म्हणू? पण खरी आग वेगळीच होती. उन्हातान्हात मापशाच्या फेऱ्या मारणारा मी मूर्ख, आणि घरात बसून चार बटणं दाबणारा हा शहाणा? एका आठवडा बाजारात माझं डोकं फिरलं. सुक्या मासळीच्या रांगेसमोर, भर गर्दीत मी ओरडलो, "लवू, तू चोर आसस! चोर!"

त्याची बारा वर्षांची मुलगी अक्षया त्याच्या शेजारी उभी होती, हातात माझ्याच दुकानातली डिस्क. ती पुढे आली, डिस्क माझ्या हातात ठेवली आणि बापाचा हात धरून निघून गेली. मुदत संपायला एक दिवस बाकी होता.

त्यानंतर आमचं बोलणं बंद. त्यांच्याकडून चतुर्थीला नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट यायचं, आमच्याकडून नाताळला कुस्वार जायचा, म्हणजे आमचे नाताळचे गोड पदार्थ. तेही थांबलं.

यंदा नाताळच्या आठवड्यात अक्षया दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. आता चोवीस वर्षांची, पुण्यात गेम बनवते. मला हे ठाऊक होतं, कारण तिचा गेम माझ्या पहिल्या फळीवर होता. तेरेखोलच्या पात्रात भरती-ओहोटी सांभाळत माणसं पैलतीरी नेणाऱ्या तारीची, म्हणजे नाववाल्याची, गोष्ट. परदेशातल्या एका कंपनीने त्याच्या थोड्या डिस्क काढल्या होत्या. त्यातली एक मापशाच्या पोराने घेतली आणि खेळून झाल्यावर मला विकली.

"अंकल, वळखलात?"

"तुका नाय तर कोणाक वळखतलंय? बस, बस!" मी तिच्या गेमचं कार्ड काढून तिच्यापुढे धरलं. छाती फुगली होती माझी. "बघ! त्रेचाळीस जणांनी नेली. खरी डिस्क, नक्कल नाय!"

तिने सगळ्या सह्या वाचल्या. सिद्धेश, सर्वेश, परत सिद्धेश, परत सिद्धेश. "सिद्धेश भरतीत अडाकलेलो दिसता," ती हसून म्हणाली.

"आणि चोरांनी किती नेली?"

"तिसऱ्याच दिवशी नक्कल बाहेर पडली, अंकल. किती जणांनी उतरवली, मोजता येत नाय."

"बघ! बघ!" मी टेबलावर हात आपटला. "ह्याच मी तुज्या बापाशीक सांगी होतंय!"

"रागावू नकात, पण एक विचारू? ह्या त्रेचाळीस जणांचा माका काय पोचला?"

मी मनात हिशोब मांडला. मापशाच्या पोराने डिस्क घेतली तेव्हा तिला जे मिळायचं ते मिळालं. पुढे मी त्या पोराला पैसे दिले, सिद्धेशने मला दिले. अक्षयाला काही नाही. इतकी वर्षं हा धंदा करतोय, पण पलीकडे गेम बनवणारं कुणी बसलेलं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"म्हणजे मीय चोर?" माझा आवाज चढला.

"नाय ओ! तुमी विकत घेतलात, ती डिस्क तुमची. भाड्यान द्या, विका, कायय करा. सिद्धेशाकडे आसताना सर्वेशाक थांबूचा लागता. नकलेक कोणाकच थांबूचा लागत नाय. हो फरक मोठो आसा, मी कोणाकय सांगान. पण पुण्यात माज्या खुर्चयेर बसान बघितल्यार तुमी काय आणि नकली विकणारो काय, दोघांकडसून माका कायच येत नाय."

मी ते कार्ड उगाच पुसत बसलो.

मग ती शांतपणे मराठीत बोलायला लागली, ऑफिसात बोलतात तशी. "बाबांकडे दोनशे नकली गेम होते. दहा मिनिटं खेळायचे, कंटाळा आला की पुढचा. पण त्यांच्या फायली उघडून आतली चित्रं, आवाज मी बाहेर काढायचे. शिकले ती अशीच. आणि तुमचा गेम दोन दिवसांत संपवायलाच लागायचा, नाहीतर तुमचा दंड! आमच्या कामात अर्धवट सोडून दिलेले गेमच जास्त. माझा पुरा झाला, तेव्हा मला तुमची ती पाटी आठवली."

एवढं ऐकून कुणाचंही मन पाघळलं असतं. माझंही पाघळत होतं, तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा दुकान बंद करतायत. सव्वीस तारखेला माझ्याकडे येणार, कायमचे. बारा वर्षं ते नदीच्या वाटेने घरी जातायत, तुमचं दुकान लागू नये म्हणून. तो शब्द तेवढा परत घ्या, अंकल. ते जायच्या आधी."

"मी खोटा काय बोललंय? नकली विकी होतो, होय की नाय?"

"विकत होते. चुकलंच ते. दोन वर्षांनी त्यांनी आपणहून बंद केलं, तुम्ही विचारायलाही आला नाहीत. पण तुम्ही 'नकली विकतोस' म्हणाला नाहीत. 'चोर' म्हणालात. माझ्यासमोर."

ती गेली. मी दिवसभर चडफडत होतो. कालची पोर, मला शिकवायला आली! त्या रागात सर्वेशला उगाच दोन दिवसांचा दंड लावला. बिचाऱ्याने एकच दिवस उशीर केला होता.

घरी आलो तर माझी बायको लूर्डस कुस्वाराची ताटं मांडून बसली होती. दोदोल, कुलकुलां, नेवऱ्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांना पाठवायला ताटं कमी पडत होती म्हणून तिने वरच्या फळीवरून एक स्टीलचं ताट काढलं. मी ते पुसायला घेतलं. मागे कोरलं होतं: 'चि. अक्षयाच्या बारशाप्रीत्यर्थ'.

बारा वर्षांपूर्वी चतुर्थीला लवूकडून नेवऱ्या आल्या त्या या ताटातून. आमच्याकडे रिकामं ताट परत करत नाहीत, नाताळला भरून पाठवायचं. मधेच भांडण झालं.

"तेवाच तुका सांगलेलंय, धाडून दी म्हणान," लूर्डस म्हणाली. "तू काय म्हटलंस? व्हया तर येवन नेतले! दुसऱ्याचा ताट बारा वर्सां घरात ठेवन तू लोकांक दंड लायतंस? लाज नाय वाटना?"

वाटली. खूप वाटली. माझ्याच पाटीची अक्षरं मला डोळ्यांसमोर दिसायला लागली, आणि माझ्यापाशी सबबसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी आठवडा बाजार. लूर्डसने ताट भरून वर फडकं बांधून दिलं. लवू दुकानातल्या खोक्यांना दोऱ्या बांधत होता. केस पार पिकलेले. मला बघून उठला, बसला, परत उठला.

"वांगडा चल," मी सोबत यायची खूण करत म्हटलं.

"खंय?"

"सुक्या मासळयेकडे."

तो का आला देव जाणे, पण आला. त्याच रांगेसमोर उभा राहून मी जोरात म्हणालो, "आयका रे! बारा वर्सांमागे मी हय लवूक चोर म्हटलंय. मी चुकलंय. लवू चोर नाय!"

सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, विकणारी एक बाई म्हणाली, "कोण चोर? कवा? सुंगटां व्हयी तर बोल, नायतर बाजूक सर." दोन कॉलेजच्या पोरी हसल्या. कुणाला काही आठवत नव्हतं. ज्या शब्दासाठी लवू बारा वर्षं वाट बदलून चालला, तो बाजार कधीच विसरला होता. मला रडूच आलं.

"मेल्या, लोक हसतत," लवू म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते. मी ताट पुढे केलं. त्याने फडकं बाजूला केलं, कडेवरून बोट फिरवलं, खाली हात घालून कोरलेली अक्षरं चाचपली, आणि त्याचा चेहरा एकदम उतरला.

"ह्या ताट तुज्याकडे होतां?"

"होय रे. चुकी माजीच..."

"हौसाबाईक काडून टाकलाव आमी ह्या ताटापायी!"

हौसाबाई पंधरा वर्षं त्यांच्याकडे भांडी घासायची. चतुर्थीची ताटं घरोघर तीच पोचवायची. ताट सापडेना तेव्हा लवूच्या बायकोने, दीपिकाने, तिला विचारलं. "ती रडान रडान सांगी होती, ताट पेद्रूकडे पोचयलंय म्हणान," लवू म्हणाला. "पण तुज्या दारात विचारूक कोण जातलो? त्यापेक्षा ती लबाड म्हणना सोपा पडला. मीय म्हटलंय रे तिका. चोर."

लवूने ताटावर परत फडकं बांधलं आणि आम्ही हौसाबाईच्या घराची वाट धरली. डिस्क उशिरा का होईना परत येते. नकलेचं तसं नसतं, ती कुठे कुठे गेली कळतही नाही. माझ्या त्या शब्दाची नक्कल लवूच्या घरात निघाली, आणि तिथून हौसाबाईच्या वाट्याला गेली.

हौसाबाई नदीकाठच्या वाडीत अंगणात बसून माडाच्या हिरांच्या केरसुण्या बांधत होती. आमच्याकडे बघितलंच नाही तिने, ताटाकडे बघितलं.

"गावला?"

"गावला," लवू म्हणाला.

"खंय?"

"माज्याकडे," मी म्हटलं. "तू पोचयलेलंस, थंयच."

तिने ताट मांडीवर घेतलं, कडेवरचा पोचा अंगठ्याने चाचपला. "माका वाचूक येणा नाय. पण ह्यो पोचो माज्या हातान पडललो." मग दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "तेवा माजी सून नवी होती. भायर आयकान इली आणि आपल्या पेटयेक कुलूप लायल्यान. आजून लायता."

लवूने हात जोडले. मीही जोडले. मला वाटलं ती रडेल, शिव्या देईल, ताट फेकून मारेल. तसलं काही झालं नाही.

"माका एकटेक सांगान काय करू?" ती म्हणाली. "मी चोर नाय ह्या माका ठावकच होतां."

तिने केरसुणी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि उठली. "पयला सुनेक सांगा. मगे वाडीतल्या एकेका घरात. मी वांगडा येतंय."

लवूने ताट उचललं. मी उंबऱ्याशी गेलो आणि तिच्या सुनेला हाक मारली.