अडतिसावा नंबर

थोरल्यांना सोमवारी सकाळी फाशी द्यायचं ठरलं, आणि गुरुवारी दुपारी कोर्टाच्या दफ्तरखान्यात एक कोरा शिक्का येऊन पडला. रबराचा, लाकडी मुठीचा. 'आरोपी मयत, प्रकरण दफ्तरदाखल.' खाली तारखेला आणि सहीला जागा.

थोरले म्हणजे ज्यांनी बावीस वर्षं देश चालवला ते. त्यांचं नाव त्या काळात लोक स्वयंपाकघरातसुद्धा घेत नसत, नुसतं 'थोरले' म्हणत. चार वर्षांपूर्वी ते खुर्चीवरून ओढून काढले गेले, पण सवय काही सुटली नाही. त्यांच्यावर खटले चारशे बारा. पहिला उभा राहिला तो गिरणीतल्या अकरा कामगारांच्या खुनाचा, आणि त्याच एका खटल्यात फाशी झाली. उरलेले चारशे अकरा नंबर लावून बसले होते. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. सोमवारी ते सगळे आपोआप मिटणार होते.

हे मिटवायचं काम दफ्तरीणबाईंकडे आलं. खरं तर त्या साध्या कारकून, पण एकोणतीस वर्षं त्याच टेबलाला चिकटून राहिल्यामुळे सगळे त्यांना दफ्तरीणच म्हणत. हेडक्लार्कांनी सांगितलं, शिक्के आजच मारून ठेवा, तारीख आणि सही तेवढी कोरी सोडा; सोमवारी चारशे अकरा फायली घेऊन कोण बसणार? त्यात नवल काही नव्हतं. शिपाई म्हणायचा तसं, आपल्या कचेरीत पाऊस पडायच्या आधीच चिखलाची नोंद होते.

अडतिसावी फाइल दफ्तरीणबाईच्या स्वतःच्या दादाची होती.

ती उघडायची नाही असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. सदतिसावर शिक्का मारला, अडतीस पुढे ओढली आणि फीत सोडली. आत दादाचा फोटो. वय चोवीस, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. फोटोखाली आईचा तक्रारअर्ज, हिच्याच अक्षरात लिहिलेला. तिनं तो वाचला नाही. पाठच होता. फाइल मिटली, फीत बांधली, शिक्का मारला, आणि हातानं आपणहून खाली तारीख घालून सही ठोकली.

दफ्तरखान्याचा नियमच तसा होता. न उघडलेल्या फायलीला हात लावला तर काही नाही. पण उघडली, की मिटताना कव्हरवर त्या दिवसाची तारीख आणि सही. एकोणतीस वर्षं हात तेच करत आला होता. बाकी चारशे दहा फायलींवर तारखेची जागा कोरी राहिली आणि या एकीवर गुरुवारची तारीख पडली. तिकडे थोरले तुरुंगात लापशी खात होते आणि इकडे दादाच्या फायलीत मरून पडले होते.

पाच वाजता हेडक्लार्कांच्या नजरेला ते पडलं. ते ओरडले नाहीत. निवृत्तीला सात महिने उरलेला माणूस ओरडत नाही. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले आणि शिपायाला चहाला पिटाळलं. मग हळू आवाजात नियम सांगितला, जणू तिला माहीत नव्हता. जिवंत आरोपीचं प्रकरण चुकून दफ्तरदाखल झालं, तर ते खोडता येत नाही. जज्जांनीच भर कोर्टात रद्द करायचं. आरोपी हजर पाहिजे, फिर्यादी हजर पाहिजे, आणि फिर्यादीला विचारावं लागतं, काही म्हणायचं आहे का. ती हो म्हणाली तर जबाब सुरू होतो. आणि जबाब पुरा होईपर्यंत त्या आरोपीला कुणी हात लावू शकत नाही, फाशीसुद्धा नाही.

"नाहीतर," ते म्हणाले, "कव्हरवर शाईची दौत सांडली म्हणू. नवं कव्हर घालायला मला दहा मिनिटं लागतात. उद्या अकराच्या आत सांगा, बाई. मी दोन्हीला तयार आहे."

बस चुकवून ती चालत घरी आली. तिला दहा मिनिटांचंच काम हवं होतं. सोमवार एकदाचा उजाडावा आणि घरातली ती साक्ष थांबावी, एवढंच तिला वाटत होतं.

साक्ष म्हणजे आईचा नेम. सव्वीस वर्षांत एक दिवस खाडा नाही. अंघोळ झाली, देवापुढे दिवा लावला, की पाण्याचा थेंबही तोंडात न घालता आई भिंतीकडे तोंड करून पाटावर बसायची आणि कोर्टात काय सांगायचं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायची. थोरले होते तोवर ओठातल्या ओठात, गेली चार वर्षं मोठ्यानं. भिंतीकडे तोंड, कारण समोर ते असणार. नंबर अडतिसावा आहे म्हटल्यावर आईनं हिशोब केला होता, वर्षाला दहा खटले धरले तरी चौऱ्याऐंशीव्या वर्षी आपली पाळी येते. तोवर टिकायचं. म्हणून ती औषधं वेळेवर घ्यायची आणि जिना उतरताना कठडा सोडायची नाही.

फाशीची तारीख लागल्याचं आईला ठाऊक होतं. त्यानं आपला नंबर जातो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला घरात दुसरं होतं कोण?

खालच्या मजल्यावर शिंपीणकाकूंचं मशीन चालू होतं. काकूंचा नवरा गिरणीतल्या अकरांपैकी एक. सोमवारसाठी त्यांनी आठवडाभर एकही नवं काम घेतलं नव्हतं, जुनी उरकत होत्या. तुरुंगाच्या फाटकाबाहेर उभं राहायचा पास त्यांना मिळाला होता. तिला पाहून त्यांनी मान वर न करता विचारलं, सोमवार नक्की ना गं? तुमच्या कोर्टाचा काही भरवसा नाही. ती हो म्हणाली आणि जिना चढली. वर आईलाही काही बोलली नाही. ज्वारीच्या पिठासारखा तिचा स्वतःचाच भुगा झाला होता. बोलायला लागली असती तर विखरून पडली असती.

शुक्रवारी सकाळी ती केस विंचरत होती आणि आई भिंतीला सांगत होती. चौघेजण आले. एकाच्या हातात यादी होती. मी दार उघडलं.

तिथं आई अडखळली. पुन्हा मागे गेली, पुन्हा त्याच ठिकाणी येऊन थांबली. मग मान वळवून म्हणाली, "दार कुणी उघडलं होतं गं? मी की तू?"

फणी केसातच राहिली. सव्वीस वर्षं आई 'मी' म्हणत आली होती आणि हिनं ते कधी दुरुस्त केलं नव्हतं.

"मी उघडलं, आई. मला वाटलं, दूधवाला."

"हो का," आई म्हणाली. "असू दे. मी म्हणूनच पाठ झालंय. आता बदलायला गेले तर पुढचं सगळं सुटेल."

आईला आठवत होतं आणि ती लपवत होती, की खरंच विसरली होती, हे तिला कळलं नाही. कळलं एवढंच, की चौऱ्याऐंशीपर्यंत ही साक्ष टिकणार नव्हती. तिनं फणी काढली, खाली बसली आणि शिक्क्यापासून सगळं सांगितलं.

आईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग चांगलं लुगडं काढायला सांगितलं.

जिन्यातून उतरताना काकू दारातच होत्या. आईनं आडपडदा ठेवला नाही. काकूंच्या हातात अर्धवट टाचलेली बाही होती, ती तशीच राहिली.

"म्हणजे सोमवार टळणार?"

"माझं सांगून होईपर्यंत."

"आक्का, त्याला मारलं की सगळ्यांचाच न्याय झाला ना? तुमचा वेगळा कशाला?"

"निकालपत्रात अकरा नावं आहेत. माझ्या पोराचं नाही."

"नाव घेऊन तो परत येणारे?"

"तुझा येणारे सोमवारी?"

त्यावर काकूंनी दार लावून घेतलं. आपटलं नाही, लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

कोर्टात गर्दी नव्हती, कारण कुणाला माहीतच नव्हतं. दुपारी अडीचला थोरल्यांना चाकांच्या खुर्चीतून आणलं. तिनं त्यांना फोटोतच पाहिलं होतं, भिंतीएवढ्या. हे म्हातारे गृहस्थ पोस्टाच्या रांगेत पुढे उभे असते तर तिनं त्यांना बसायला जागा दिली असती, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. रागही धड येईना. थोरल्यांच्या कानात यंत्र होतं, त्याची बॅटरी संपली होती.

जज्ज थकलेले होते. त्यांनी शिक्का रद्द केला, मग आईला विचारलं. आई हो म्हणाली. जज्जांनी क्षणभर डोळे मिटले, आणि मग समजावून सांगितलं, की यामुळे शिक्षा पुढे ढकलावी लागेल, बाहेर लोक चिडतील, आणि जबाबानं शिक्षेत फरक काही पडणार नाही. आई म्हणाली, शिक्षा तुमची तुम्ही बघा. मला सांगायचं आहे.

आरोपीला ऐकू येत नसेल तर कोर्टाच्या कारकुनानं प्रत्येक वाक्य त्याच्या कानाशी मोठ्यानं म्हणायचं असतं. त्या दिवशी दुसरा कारकून रजेवर होता. हेडक्लार्कांनी तिच्याकडे पाहिलं. ती उठली आणि खुर्चीशेजारी जाऊन वाकली. साबणाचा वास आला, तुरुंगातल्या पिवळ्या साबणाचा.

आई भिंतीला सांगायची तसंच सांगत होती, एकेक वाक्य, मध्ये थांबून. आणि ती ते त्या कानात ओरडत होती. चौघेजण आले. एकाच्या हातात यादी होती.

"मी दार उघडलं," आई म्हणाली.

टंकलेखक वाट पाहत थांबला. शेवटी तिनं म्हटलं, "मी दार उघडलं." सव्वीस वर्षांत घराबाहेर पहिल्यांदा, आणि जगात ज्या एका माणसाला ते सांगून काही उपयोग नव्हता, त्याच्या कानात. पुढचं वाक्य आलं होतं, ते म्हणावं लागलं.

शेवटी आईनं विचारलं, माझ्या मुलाला कुठे पुरलंत. तिनं ते दोनदा ओरडून सांगितलं. थोरल्यांनी बराच वेळ आईकडे पाहिलं. लबाडी दिसली नाही, पश्चात्तापही नाही. मग जज्जांना म्हणाले, "सह्या पुष्कळ असायच्या. आठवत नाही."

तेही लिहून घेतलं गेलं.

जबाब सोमवारी दुपारपर्यंत चालला. तोवर बातमी फुटली होती. कुणीतरी त्यांच्या दारावर कोळशानं 'थोरल्यांची माणसं' असं लिहिलं. दुकानदारानं ब्रेड आईच्या हातात न देता फळीवर ठेवला. काकूंचं मशीन बंद होतं, पण त्या घरात होत्या, त्यांच्या चपलांचा आवाज यायचा. ती रोज जिन्यात क्षणभर थांबायची आणि दार न वाजवता वर जायची. काय सांगणार होती? तुमचा सोमवार मी एका सहीनं घालवला?

फाशी गुरुवारी सकाळी झाली. दुपारी तिनं उरलेल्या चारशे दहा फायलींवर तारखा घातल्या. शिवाय दादाचीही होती, पण तिच्यात आता अठरा पानं जास्त होती. ती फार जाड नव्हती झाली, तरी फीत बांधताना हाताला लागली.

संध्याकाळी काकू वर आल्या. फाटकाबाहेरून आल्या त्याच लुगड्यात होत्या. आईनं पाट सरकवला. पाणी दिलं. स्टोव्हवर भाताला आधण येत होतं.

"झालं," काकू म्हणाल्या. "आतून एकानं येऊन सांगितलं, झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या." त्यांनी हात मांडीवर उलटे ठेवले. "फाशी दिली ते बरंच केलं. मला त्याची कीव नाही, आक्का. पण माझं काही हललंच नाही गं. मला वाटलं होतं, घरी येऊन गाढ झोपेन."

आई म्हणाली, झोप मलाही लागलेली नाही.

"पण तुम्ही बोललात. माझ्या खटल्यात वकीलच बोलले. मला विचारलं तेवढं, हा फोटो तुमच्या नवऱ्याचा का. मी हो म्हणाले. एवढंच. त्याला ऐकू तरी आलं का?"

"फारसं नाही," आई म्हणाली. "पण हिनं ओरडून सांगितलं. आणि एका माणसानं लिहून घेतलं."

काकू तिच्याकडे वळल्या. या सगळ्या आठवड्यात त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. माफ केलं असं त्या नजरेत नव्हतं. तिनं तशी अपेक्षाही केली नाही. तिचे पाय दुखत होते, दिवसभर तारखा घालून बोटं आखडली होती. तरी ती उठली, स्टोव्ह बारीक केला, फडताळातून दोन कोरे कागद काढले आणि काकूंच्या समोर, भिंतीला पाठ लावून बसली.

"कुठून सुरू करायचं?" काकूंनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तिथून."

काकूंनी बराच विचार केला. मग म्हणाल्या, "त्यांना सकाळी उठायचा फार कंटाळा होता," आणि हसू आलं म्हणून पदर तोंडाला लावला. तिनं ते वाक्य लिहिलं आणि पुढच्याची वाट पाहत राहिली.