कमरेतली चिंचोळी जागा

पावाच्या ट्रॉलीला रेलून चालताना तिला काही व्हायचं नाही. ट्रॉली सोडून ताठ उभी राहिली, की मांड्यांपासून पोटऱ्यांपर्यंत आग उठायची, पाय लाकडासारखे व्हायचे आणि ती भट्टीसमोरच्या स्टुलावर मटकन बसायची. उभं आयुष्य बेकरीत उभं राहून काढलेली बाई, आता कणीक मळायची तर टेबलावर कोपरं टेकून मळू लागली.

तिचा नवरा भूगोलाचा निवृत्त शिक्षक. त्याला सगळे मास्तरच म्हणत, तीसुद्धा. व्यायाम झाले, गोळ्या झाल्या, कमरेत इंजेक्शनंही झाली. मग डॉक्टरांनी एमआरआय पाहून सांगितलं, "मणक्यातली नसांची वाट अरुंद झालीय. पुढे वाकलं की जरा जागा होते, म्हणून बरं वाटतं. आता ऑपरेशनचा विचार करा. हल्ली छोट्या छेदातून होतात."

मास्तरांना हुरूप आला. ते तीन डॉक्टरांना भेटले. एक म्हणाला, बारीक नळी घालून, सूक्ष्मदर्शकातून बघत दाबणारं हाड खरवडू. पूर्ण भूल लागेल. दुसरा म्हणाला, दोन मणक्यांच्या मागच्या टोकांमध्ये ठोकळा बसवू, काम सोपं. तिसरा म्हणाला, मणक्यांना बांधून ठेवणारी, जाड झालेली पट्टी नुसती सुईसारख्या हत्याराने काढू, तेवढी जागाच बधिर करून. प्रत्येकाचं बोलणं इतकं पटण्यासारखं होतं की बाहेर पडताना मास्तरांना वाटायचं, झालं, ठरलं. पुढच्या दवाखान्यात ते ठरलेलं मोडायचं.

मग एकेक दार आपोआप बंद झालं. तपासणीत तिची हाडं ठिसूळ निघाली. ठोकळ्याच्या दाबाने टोक मोडेल, म्हणून तो रद्द. पट्टीपेक्षा हाडच जास्त वाढलेलं; म्हणून सुईचा उपयोग नाही. राहिली नळी. आणि भूल देणारी डॉक्टर तिच्या हृदयाचा आलेख बघून नुसती "हं" म्हणाली.

"हं म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे देता येईल. पण धोका आहे, हे तुम्हाला माहीत असायला हवं."

मास्तर पुन्हा नळीवाल्या डॉक्टरांकडे गेले. "तुमची आई असती तर काय केलं असतं?"

डॉक्टर थोडं हसले. "माझ्या आईला हेच आहे. ती अजून ठरवतेय."

घरी ती पलंगावर पोटाशी गुडघे घेऊन पडली होती. मास्तर कागद पसरून बसले आणि ऑपरेशन केलं तर काय, नाही केलं तर काय, हे पुन्हा समजावू लागले.

"अहो मास्तर," ती म्हणाली, "माझा डावा पाय कालपासून बधिर आहे. चप्पल निसटली तरी कळत नाही."

"काल सांगायचंस ना!"

"सांगून काय केलं असतंत? अजून एक डॉक्टर."

मास्तरांनी कागद गोळा केले. तिने कूस बदलायचा प्रयत्न केला. त्यांनी हात दिला. नक्की कुठे धरावं हे त्यांना कळेना, म्हणून हात हवेतच राहिला.

ऑपरेशन नळीतून झालं. भूल तिला मानवली. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं सांगितलं, की पायातली आग गेली. संध्याकाळी डॉक्टरांनी डाव्या तळव्यावर कापूस फिरवला.

"कळतंय?"

"नाही."

"दबलेली नस मोकळी झाली की वेदना लवकर जाते. संवेदना येईल किंवा नाही येणार. वाट बघावी लागेल."

"लवकर केलं असतं तर?" मास्तरांनी विचारलं.

"तेही खात्रीने सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

आता ती ताठ चालते, सगळ्यांना कौतुक वाटतं. डावं पाऊल मात्र बघून टाकावं लागतं, जमिनीवर टेकलं की नाही ते डोळ्यांनीच कळतं. मास्तर मागून चालतात. ती कुठल्या बाजूला कलंडेल याचा त्यांना अंदाज येत नाही, म्हणून ते कधी उजवीकडे होतात, कधी डावीकडे.