चौदा नंबरची बाही

माधवी मॅडम पुण्याहून आल्या तवा माझ्या दुकानात एकबी गिऱ्हाईक नव्हतं, म्हनून त्याईले बसाले स्टूल भेटला. मॅडमनं माझ्या कैचीच्या बाजूले रेकॉर्डर ठेवला अन् म्हनाल्या, "बाबूभाई, बलाढ्य सरकारपुढे सशस्त्र चळवळ आपली रणनीती कशी ठरवते, यावर माझं संशोधन आहे."

"मंग बरोबर आल्या," मी म्हनलं. "हे शिंप्यालेच इचारा लागते."

मॅडम हासल्या. त्याईले वाटलं बुढा मजाक करून राह्यला. अवो, आलापल्लीत पस्तीस वर्षं मशीन चालवली मी. जंगलातल्याईचे कपडे मी शिवले अन् त्याईले धराले येनाऱ्याईचेबी मीच शिवले. दोघाईलेबी नाई म्हनाची सोय नव्हती. एकाच्या हातात बंदूक, दुसऱ्याच्याबी हातात बंदूक, अन् माझ्या हातात टेप. मंग रणनीती माझ्याशिवाय कोनाले कळन?

सुरुवातीले जंगलातून लुंग्या अन् चौकडीच्या शर्टाची ऑर्डर याची. मध विकनारा झिंगू मापाच्या चिठ्ठ्या आनाचा. म्हने, "बाबूभाई, आता जनतेत मिसळाचा टप्पा हाये." बरं बापा, मिसळा. मंग चार सालानं हिरव्या कापडाचे तागे आले, शर्टाले सहा-सहा खिसे. झिंगू छाती काढून म्हने, "आता फौज उभी कराचा टप्पा." मी म्हनलं, कर, पन बटनं तं चांगली आन. मंग सरकारनं कॅम्प टाकले, रस्ते केले, अन् चिठ्ठीवरच्या कमरा बत्तीसच्या अठ्ठावीस झाल्या. त्यावर पत्रक निघालं की आता माघारीची रणनीती ठरली. ठरली कायची? पोटात दाना नाई, त्याले हे रणनीती म्हनते! पुन्हा लुंग्या सुरू. तेवढ्यात सरकारलेबी अक्कल आली, थेबी आपल्या मानसाईले लुंग्या घालून जंगलात पाठवाले लागले. एका हप्त्यात दोघाईच्या लुंग्या माझ्या एकाच फळीवर. गठ्ठे बदलले असते तं काय झालं असतं? काईच नाई, दोघाईलेबी बरोबर बसल्या असत्या.

मॅडम पटापट लिहून राह्यल्या होत्या. त्याईले जे पाह्यजे होतं थे भेटलं. पन माझ्या डोक्यात कोन्या टप्प्याचं काई नव्हतं, माझ्या डोक्यात एकच बाही होती.

चिठ्ठीवर नाव नसे, नुसते नंबर. आठ वर्षांआंधी चौदा नंबरची चिठ्ठी वाचली अन् माझा पाय मशीनवर थांबला. उजवी बाही बावीस, डावी साडेवीस. हे माप मले पाठ होतं. आमच्या गल्लीतली मनकर्णाबाई, शाळेत खिचडी शिजवते, तिची रोशनी. लहानपनी टेंभराच्या झाडावरून पडली, हात वाकडा जुळला. तिचा शाळेचा फुल बाहीचा ड्रेस मीच शिवाचो. कॉलेजात गेली, चळवळीचे गाने म्हननाऱ्याईच्या मांगं लागली अन् एक दिवस गेली थे गेलीच. मनकर्णाबाईनं गल्लीत सांगतलं, पोट्टी राजुऱ्याकडं दिली. खरं बोलली असती तं एका बाजूचे चौकशीले आले असते अन् दुसऱ्या बाजूचे जेवाले.

त्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. भिंतीवर बाबासाहेबाचा फोटो, खाली फळीवर संविधान, रोशनीचंच, बक्षिसात भेटलेलं. मी नुसतं म्हनलं, "बाई, चौदा नंबर आला. डावी बाही दीड इंच आखूड." थे खाली बसली अन् पदर तोंडात कोंबून रडली. तवापासून दर सालाले थे एक जुनं पोलकं घेऊन दुकानात ये. म्हने, "बाबूभाई, हे जरा उसवून द्या जी." मी म्हनाचो, "आला." बस. थे पोलकं मी सहा वेळा उसवलं अन् सहा वेळा शिवलं, तिनं एकदाबी घातलं नाई. एका सालाले मी चुकून बोलून गेलो की कंबर सव्वीस झाली. तं माझ्यावरच चिडली, "काऊन जी, तिले खाले देत नाई का थे मुडदे?" अन् झिंगूच्या हाती तिळाचे लाडू पाठवले. पोचले का झिंगूनं खाल्ले, खुदा जाने.

दोन साल झाले, चिठ्ठ्याच बंद झाल्या. झिंगू आता रस्त्याच्या ठेकेदाराकडं पान्याचा टँकर चालवते. एका जमान्यात हाच रस्ते खोदाचा टप्पा सांगे.

मंग यंदा एक साहेब दुकानात आले. कोनत्या कचेरीचे थे मी सांगत नाई. म्हनाले, "बाबूभाई, जंगलातले शेवटचे एकतीस जण शरण येताहेत. मोठा कार्यक्रम आहे, पाहुणे येणार आहेत. त्यांचे गणवेश शिवायचे, तेच हिरवे. चार दिवसांत."

मी म्हनलं, "साहेब, शरन याले नवीन कपडे?"

"त्यांचे फार फाटलेत हो. फोटोत चांगलं दिसत नाही."

बरोबरच हाये म्हना. एवढ्या फाटक्या लोकाईले हरवाले इतकी वर्षं लागली, हे पेपरात दिसलं तं कसं होईन? अन् मॅडमनं हेबी लिहून घ्याव, चळवळीचा शेवटचा टप्पा मीच शिवला, अन् ऑर्डर सरकारची.

मापं घेऊन चंदन शिपाई आला. छापील फारम होते. छाती, कंबर, बाही. बाहीचा रकाना एकच. माझं डोकंच फिरलं. "अरे भैताडा, डावी बाही कुठी हाये?"

"चाचा, मानसाच्या दोन्ही बाह्या सारख्याच राह्यते ना?"

"तुह्या सरकारच्या राहत असन!" मी ओरडलो. जंगलातल्याईकडं भात नव्हता, दवा नव्हती, पन चिठ्ठीवर दोन्ही बाह्या तं लिहत होते. नंबरबी नवीन टाकले होते. नवीन चौदा नंबर बाप्या निघाला, छाती चाळीस. बाया अकरा होत्या, त्यातल्या दोघीईची बाही बावीस, कंबर सव्वीस.

मी मनकर्णाबाईले सांगतलं. शरन येनाऱ्याईच्या घरच्याईले कार्यक्रमाचं बोलावनं होतं, तिले आलं नव्हतं. थे म्हने, "मले तरास नको म्हनून पोट्टीनं घरचं नाव सांगतलं नसन." मी म्हनलं, असंच असन. फारमात एकच बाही, तं दोन्ही सारख्याच शिवल्या. रोशनी असन तं डावी बाही दीड इंच बोटाईवर लोंबन, लांबूनबी दिसन. निघताना मनकर्णाबाईनं टोकलं, "सुई-धागा घ्या जी संगं. पोट्टीची बाही तिथंच आखूड करून देजा. सगळ्याईसमोर बेढब दिसाले नको." मी हिरवा धागा ओवून सुई कॉलरले टोचली.

गडचिरोलीले मोठा मांडव होता. शिंपी म्हनून मले पास भेटला, मनकर्णाबाईले मी बहीन सांगतलं. मांगच्या रांगेत बसलो. एकतीस जन कतारीत आले. वळखू येऊ नाई म्हनून तोंडाले हिरवे रुमाल, नुसते डोळे उघडे. एकाएकाले बोलावून हातात संविधान देत होते. मनकर्णाबाई हळूच म्हने, "घरी हाये म्हना तिच्यावालं." अन् हासली. आठ सालात मी तिले पह्यल्यांदा हासताना पाह्यलं.

बाया आल्या. पह्यली, दुसरी, तिसरी. पुस्तक घ्याले दोन्ही हात पुढं कराव लागे, म्हनून बाह्या साफ दिसत होत्या. मनगटावर बरोबर. पाचवी, सहावी. बरोबर. मी अल्लाले म्हनलं, जिंदगीभर इज्जतीनं कपडे शिवले, आज एक कपडा बिघडव. नववी. दहावी. अकरावीनं हात पुढं केले अन् मनकर्णाबाईनं माझं मनगट घट्ट धरलं. बाही मनगटावर बरोबर होती.

माईकवर साहेब म्हनाले, "आता त्या जंगलात एकही उरलेला नाही." मांडवात खूप टाळ्या पडल्या.

कार्यक्रम झाल्यावर साहेब मले शोधत आले. खुश होते. खांद्यावर हात ठेवून म्हनाले, "वा बाबूभाई! एकतीस शर्ट, आणि एकाचीही बाही इंचभर इकडची तिकडे नाही. काय हात आहे तुमचा!"

मनकर्णाबाईनं माझ्या कॉलरची सुई काढली, तिच्यातला धागा आपल्या बोटाले गुंडाळला अन् म्हने, "चला जी. साडेचारची बस हाये."