तोटा कसा लिहायचा

शास्त्रज्ञाला आपली चूक कळली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते.

शास्त्रज्ञ हे त्याचं बँकेतलं टोपणनाव. त्याने आर्थिक अभियांत्रिकीत एम.एस. केलं होतं, म्हणजे नेमकं काय, हे घरी कुणालाच कळलं नव्हतं. इंजिनियर झाला म्हणून आत्याने बिघडलेला मिक्सर पुढ्यात ठेवला होता. बँकेकडच्या शेअरचे भाव पडले तरी बँक बुडू नये म्हणून उलटा, म्हणजे विकण्याचा, सौदा केवढा करायचा, हे त्याचा प्रोग्रॅम ठरवायचा. कॉलेजात तोटा अधिक चिन्हाने लिहीत. बँकेत उणे लिहितात. हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. प्रोग्रॅमने उलट्याचं सुलट करून आणखी शेअर घेतले होते. विमा काढायला गेलेल्या माणसाने येताना दुसरं जळकं घर विकत आणावं, तसं.

भाव चढत होते. म्हणून फायदा. म्हणून टाळ्या.

"आम्ही इथे केस पांढरे केले," शेजारचा दलाल म्हणाला, "आणि तुम्ही आल्या आल्या मैदान मारलंत, शास्त्रज्ञबुवा!"

त्याने पडद्यावरचे आकडे पुन्हा पाहिले. भाव केव्हाही पडू शकत होते.

"चल वर," विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या. "साहेब याच कोर्सची आणखी मुलं घ्यायची म्हणतायत. तुला कायम केल्याच्या पत्रावर सहीही होईल."

लिफ्टपाशी तो थांबला. "मॅडम, ती हुशारी नव्हती."

"विनय पुरे."

"विनय नाही, वजाबाकी."

त्याने सगळं सांगितलं. लिफ्टचं दार उघडलं, मिटलं.

"आणि भाव पडले तर?"

"दुप्पट बुडू."

मॅडम त्याच्या टेबलाकडे पळत सुटल्या. त्यांना पळताना कधी कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे कारण न विचारता दलालही पळाला.

"विकतोयस ना नक्की?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"शपथ घे."

त्याने शपथ घेतली आणि बटण दाबलं. जादाचे शेअर विकले गेले. एवढ्यात साहेब स्वतःच खाली आले. त्यांनी ऐकून घेतलं.

"कॉलेजात हे शिकवत नाहीत?"

"शिकवतात, सर. त्यांच्या चिन्हाने."

साहेब सगळ्यांकडे वळले. "आपल्या बाकीच्या विभागांत तोटा कसा लिहितात?"

"उणे," कुणीतरी म्हणालं.

"अधिक," मागून आवाज आला.

"आमच्याकडे कंसात लिहितात," तिसरा म्हणाला.

साहेबांनी हात लांबवून खुर्ची चाचपली.

शास्त्रज्ञ हळूच उठला.

"कुठे निघालास?"

"राजीनामा टाइप करायला."

"गप बस. पत्रावर सही करतो मी. आधी बँक नफ्याच्या बाजूला आहे की तोट्याच्या, ते बघ."

त्याने पहिल्या विभागाचा हिशेब उघडला. सगळे खुर्चीमागे दाटून उभे राहिले. कुणाचा तरी गरम श्वास त्याच्या मानेला लागत होता; बहुतेक साहेबांचाच.