ऑर्विलच्या गळ्यात

मी एक जुनी नळी आहे, मित्रांनो. बोटाएवढी, वाकडी, प्लास्टिकची. नॉर्थ डकोटातल्या एका घरात, काट्या-चमच्यांच्या खणात पडून असते. त्याआधी मी एका माणसाच्या गळ्यात राहायचे.

त्याचं नाव ऑर्विल. गुरांच्या बाजारात त्याने तीस वर्षं लिलाव पुकारले. हा श्वास न घेता बोलतो, असं लोक म्हणायचे. मग आजारपणात त्याच्या गळ्याला भोक पाडून मला आत बसवलं. तिथे ओला अंधार असतो.

माझ्याभोवती एक फुगा आहे. घासाचे कण छातीत उतरू नयेत म्हणून त्याची बायको वर्ना जेवणाआधी तो भरायची. मग सगळा श्वास माझ्यातूनच ये-जा करायचा. बोलायचं असेल तर आधी फुगा रिकामा करायचा, मग माझ्या तोंडावर झाकण लावायचं. ते झाकण श्वास आत घेतं, बाहेर सोडत नाही. तो माझ्या बाजूने वर चढतो आणि त्याचा आवाज होतो.

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या सणाच्या, दुपारी भाजलेली टर्की टेबलावर आली. वर्नाने फुगा भरला आणि ती ग्रेव्ही आणायला आत गेली. लेक जॅनेल त्याच दिवशी दूरगावाहून आलेली. म्हणाली, "डॅड, प्रार्थना तुम्हीच म्हणायची. एवढी गुरं विकलीत, आज देवाला एक टर्की विका!" सगळे हसले. तिने प्रेमाने झाकण लावलं. फुग्याचं तिला ठाऊक नव्हतं.

सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले, माना झुकवल्या, डोळे मिटले.

श्वास आत आला. बाहेर जाईना. दुसरा आला, पहिल्यावर चढून बसला. तिसऱ्याला जागाच नव्हती. ऑर्विलने हात ओढला. डॅडना गहिवरून आलं, असं जॅनेलला वाटलं. तिने तो आणखी घट्ट धरला. बाराजण शांतपणे वाट बघत होते.

"हा माणूस, आणि एवढा वेळ गप्प?" वर्ना दारातून म्हणाली. ग्रेव्हीचं भांडं खाली पडलं. तिने झाकण उपटलं. माझ्यातून जे बाहेर आलं, त्याला श्वास म्हणवेना. लांबलचक शिट्टी होती ती.

ऑर्विल पुढे चार वर्षं जगला. माझ्या जागी नवी नळी आली, पण वर्नाने मला टाकलं नाही. आता थँक्सगिव्हिंगला ती मला त्याच्या रिकाम्या ताटात ठेवते. त्या घरात प्रार्थना उघड्या डोळ्यांनी होते. खिडकीतून वारा आला की मी हलकेच वाजते, आणि जॅनेलचा हात स्वतःच्या गळ्याकडे जातो.

मित्रांनो, माझ्या बहिणी अजून कितीतरी गळ्यांत आहेत. त्यांचा एक इवला फुगा बाहेर लोंबतो. आतला भरलेला असला की तोही टणक लागतो. झाकण लावण्याआधी तो चिमटीत दाबून बघा. टणक लागला, तर थांबा. आणि बोलायला बसवलेला माणूस बोलत नसेल, तर डोळे उघडा.