वारा पडेपर्यंत

किल्ल्यांचा जुडगा लोखंडी जमिनीवर खणकन पडला आणि जहाजाच्या ब्रिजवरच्या, सुकाणूच्या त्या उंच खोलीतल्या, तिघांपैकी दोघांनी मान वळवली. एक सुकाणू धरलेला खलाशी आणि दुसरा थोड्या वेळापूर्वी बंदरातून होडीने येऊन शिडीने वर चढलेला पायलट. ज्याच्या हातून जुडगा पडला तो कप्तान मात्र खिडकीला कपाळ टेकवून, डोळे उघडे ठेवून, समोरच्या समुद्राकडे पाहत राहिला.

पायलटने वाकून जुडगा उचलला. ही युक्ती त्याला चांगलीच ठाऊक होती. किल्ल्या मुठीत धरून उभं राहायचं. डोळा लागला की मूठ सैल होते, किल्ल्या पडतात, माणूस दचकून जागा होतो. तरुणपणी दूरच्या जहाजांवर असताना त्यानेही हे उद्योग केले होते. मघाशी एकदा जुडगा पडला तेव्हा कप्तान दचकला होता, ओशाळून हसलाही होता. या वेळी तो दचकलाच नाही.

समोर बंदराचं तोंड दिसत होतं. दोन दगडी बांध आणि त्यांच्यामधून जेमतेम एका जहाजापुरती वाट. त्या वाटेतून जहाज आत न्यायचं काम पायलटचं. पण जहाज कप्तानाचं, आणि काही बिनसलं तर मानही कप्तानाचीच.

"कॅप्टन," पायलटने त्याच्या खांद्याला हात लावला.

"हो, हो. दहा अंश उजवीकडे," कप्तान म्हणाला.

त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. पण सुकाणूवरचा खलाशीही पेंगुळलेलाच होता. त्याने सवयीने हुकूम पुन्हा म्हटला आणि चाक फिरवायला घेतलं. धान्याने भरलेलं ते अजस्र जहाज हळूच उजव्या बांधाकडे तोंड वळवू लागलं.

"मधे आण. सरळ धर," पायलट म्हणाला. आवाज चढवला नाही, पण त्याच्या कानशिलावर घाम आला होता.

कप्तानाला काय झालं ते कळलं की नाही, देव जाणे. तो इतकंच म्हणाला, "जरा चहा सांगतो." आणि जिथे होता तिथेच उभा राहिला.

त्याचं तरी काय चुकलं होतं? एकामागून एक बंदरं, त्यात मधे धुकं. सेकंड ऑफिसर आजारी पडून उतरला होता आणि त्याच्या बदली येणारा माणूस 'पुढच्या बंदरात नक्की' येणार होता. पुढचं बंदर आलं की ते 'पुढचं बंदर' आणखी पुढे सरकायचं. तोवर त्याचं काम कप्तान स्वतःच करत होता, आपल्या कामाच्या वर. परवा बायकोशी फोनवर बोलताना तो वायरलेसवर म्हणतात तसं प्रत्येक वाक्यानंतर 'ओव्हर' म्हणत होता. "मी काय दुसरं जहाज आहे का हो?" असं म्हणून ती हसली होती. मग हसायची थांबली होती. थकलो, हा शब्द त्याने तिलाही सांगितला नाही आणि कंपनीच्या ऑफिसलाही नाही. ऑफिसला सांगितलं असतं तर त्यांनी दुसरा कप्तान शोधला असता, आणि याला पुन्हा कुणी बोलावलं नसतं. निदान असं सगळे कप्तान धरून चालतात.

पायलटने बाहेर एकदा नजर टाकली. मग वायरलेस उचलला.

"बंदर, मी पायलट. धक्क्याजवळ वारा जोर धरतोय. मी आत्ता आत येत नाही. बाहेर नांगर टाकतोय."

"वारा?" पलीकडून कुणीतरी विचारलं.

"वारा," पायलट म्हणाला आणि वायरलेस जागेवर ठेवला. "कॅप्टन, नाइलाज आहे. वारा पडेपर्यंत थांबावं लागेल. तुम्ही खाली जाऊन पडा. माझी होडी काही आता येत नाही, मी इथेच आहे."

कप्तानाने ऑफिसच्या नावाने एक शिवी हासडली, वाऱ्याच्या नावाने दुसरी. नांगर धरल्याची खात्री करून तो जिन्याने उतरला. बूट काढायचे राहिलेच.

जाग आली तेव्हा उशी गालाला चिकटली होती आणि पडद्याच्या फटीतून ऊन थेट पायांवर आलं होतं. किती तरी दिवसांनी त्याला आपले हात आपलेच वाटले. भूक लागली होती, चक्क. तो तसाच पडून राहिला, आणि कुणाचे ते कळेना, पण आभार मानावेसे वाटले.

दार वाजवून जहाजाचा आचारी आत आला. सगळे त्याला मामा म्हणत. रोज रात्री वेळेवर घोरणारा जहाजावरचा एकमेव इसम.

"झाली का झोप, साहेब? सगळं जहाज झोपलंय. पायलटसाहेबांनी सुकाणूवाल्यालाही हाकललं खाली. स्वतः बसलेत खिडकीशी, मी दोनदा चहा दिला. जेवायला येत नाही असं सांगायला घरी फोन केला, तर बायको चांगलीच तापली वाटतं."

"वारा पडला का?"

"कसला वारा, साहेब?" मामाने कप खाली ठेवला. "सकाळपासून माझे टॉवेल दोरीवर आहेत. एक हलेल तर शपथ."

कप्तान बिछान्यावर उठून बसला. बराच वेळ त्याने कपाला हातच लावला नाही.

दुपारी जहाज आत निघालं. दोन बांधांमधून ते लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. कप्तान प्रत्येक हुकूम ऐकत होता, प्रत्येक वळण पाहत होता. वायरलेसवर बंदरातलं कुणीतरी खिदळलं, "काय काका, पडला का वारा? की आता डोळ्यांनाच वारा दिसतो?" मागे आणखी दोघे-तिघे हसले. पायलट शांतपणे "पडला" म्हणाला. हे आता महिनाभर चालणार, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

दोर बांधून होतात न होतात तोच ऑफिसचा फोन आला. बोलणारा ऑफिसातला साहेब स्वतः एकेकाळचा कप्तान; या कप्तानाने त्याच्याच हाताखाली काम शिकलं होतं.

"अर्धा दिवस गेला," तो म्हणाला. "धक्का रिकामा होता. मी चौकशी केली, वारा नव्हता. तो पायलट म्हातारा झालाय, घाबरतो. तू फक्त 'वारा नव्हता' एवढं म्हण. त्याचं काय करायचं ते मी बघतो."

फोनचा आवाज खोलीभर येत होता. निघायच्या तयारीत असलेल्या पायलटने कप्तानाकडे पाहिलं आणि हात किंचित हलवला. म्हण, जाऊ दे.

"वारा नव्हता, सर," कप्तान म्हणाला.

"झालं तर मग."

"मी उभ्या उभ्या झोपलो होतो. भलताच हुकूम दिला असणार; पायलटसाहेब नसते तर जहाज बांधावर गेलं असतं. त्यांनी वाऱ्याचं नाव घेतलं, माझं घेतलं नाही. तक्रार करायची तर माझी करा. मी थकलोय, सर. सगळेच थकलेत. आज झोपलो म्हणून बोलता तरी येतंय."

कप्तानाने फोन कटला का ते पाहिलं. कटला नव्हता.

"पायलट आहे का तिथे?" शेवटी आवाज आला. "दे त्यांच्याकडे."

पायलटने फोन कानाला लावला. पलीकडचा आवाज आता इतका खाली आला होता की कप्तानाला 'आभार' एवढा एकच शब्द ऐकू आला. ऐकता ऐकता त्याने टोपी काढून काखेत धरली, वयाने मोठ्या माणसासमोर उभा असावा तशी.

"अहो, त्यात काय एवढं," तो संकोचून म्हणाला. "तुमच्याही वेळी कधीतरी कुणी थांबलं असेलच की."

मग पलीकडचा माणूस आठवू लागला, आणि पायलट, फोन कानाला धरून, त्याच्यासाठीही थांबला.