जजसाहेब गच्चीवर चढले

माझे यजमान रिफअत नाईलकाठच्या आमच्या दुमियात शहरात एकतीस वर्षं न्यायाधीश होते. निवृत्त झाल्यावर चार महिने त्यांनी घरातच न्यायनिवाडा केला. भेंडीत मीठ कमी, शेजारच्यांचा रेडिओ मोठा, माझी बहीण फार बोलते. शेवटी मीच म्हटलं, "अहो, वकिली तरी करा!"

पहिला अशील आला शेहता. फर्निचरला पॉलिश करणारा, दात पिवळे, हसू मोठं.

"मला ओळखलंत, जजसाहेब?"

"सहा महिने," हे म्हणाले. "कबुतरचोरी. नऊ वर्षं झाली."

"बरोब्बर! आणि पुन्हा तोच आरोप आलाय. पण या वेळी मी चोरलेली नाहीत."

"मग माझ्याकडेच का आलास?"

"तेव्हा मी खोटं बोलत होतो ते तुम्ही दोन मिनिटांत ओळखलंत. आता खरं बोलतोय, तेही ओळखाल."

तक्रार होती मिठाईवाल्या हाजी बसयूनींची. बुधवारी संध्याकाळी शेहताने गच्चीवरच्या खुराड्याचं कुलूप फोडून चौदा कबुतरं नेली म्हणे. कबुतरं शेहताकडेच सापडली होती. आमच्याकडे कबुतरांचे शौकीन संध्याकाळी थवे उडवतात, आणि दुसऱ्याचं पाखरू आपल्या थव्यात उतरलं तर ते आपलं, हे सगळ्यांनाच मान्य. पण एकदा शिक्षा झालेल्या माणसाचं पोलीस कशाला ऐकतील?

ह्यांनी आयुष्यभर फक्त कागद वाचलेले. या वेळी म्हणाले, "जागा बघून येतो." हाजींच्या इमारतीचे पाच मजले चढताना तीनदा बसले. मी मागून पाण्याची बाटली घेऊन. वर कपडे वाळत घालणारी उम्म नजात म्हणाली, "कुलूप? कसलं कुलूप? मी इथे आल्यापासून त्या दाराला लाल दोरीच बांधलेली आहे."

सुनावणीच्या दिवशी मीही गेले. इतक्या वर्षांत मी ह्यांना कोर्टात पाहिलंच नव्हतं. काळा झगा घालून हे उभे राहिले. सरकारी वकील दोन वाक्यं बोलले, तोच हे गरजले, "मुद्द्यावर या!"

वर बसलेले न्यायाधीश एकेकाळी ह्यांच्याच हाताखालचे. ते हळूच म्हणाले, "सर, ते आता मी सांगायचं."

"माफी असावी," हे म्हणाले. कान लालबुंद झाले होते. मला हसू आवरेना.

उम्म नजातने साक्ष दिली. मग ह्यांनी हाजींना अगदी गोड आवाजात विचारलं, "हाजी, तुमची कबुतरं साधीच असतील, नाही? कुणाच्याही गच्चीवर उतरणारी?"

हाजी भडकले. "साधी? माझी? अख्ख्या दुमियातमध्ये तशी जात नाही! त्या बुधवारीसुद्धा सरळ घरी परतली असती. या लबाडाने आपली पांढरी मादी हवेत नाचवली, म्हणून त्याच्या गच्चीवर उतरली मेली!"

"म्हणजे तुम्ही त्यांना उतरताना पाहिलंत?"

"माझ्या या डोळ्यांनी!"

एवढं बोलून हाजींनी तोंडावर हात ठेवला. मागच्या बाकांवर हशा पिकला. शेहता आरोपीच्या पिंजऱ्यातून ओरडला, "देव तुमचं भलं करो, हाजी!"

न्यायाधीश निकालाचा विचार करायला आत गेले. पाऊण तास. हे माझ्या शेजारी येऊन बसले. नजर आतल्या दारावर.

"इन्शिराह," ते म्हणाले, "मी आत चहा पीत असायचो, तेव्हा बाहेर माणसं अशी बसायची?"

"अशीच," मी म्हटलं.

"चहा जरा भराभर प्यायला हवा होता."

शेहता निर्दोष सुटला. बाहेर पायऱ्यांवर हाजींनी त्याची गचांडी धरली. "माझी कबुतरं दे!"

"शुक्रवारी थवा उडवा, हाजी. परत जिंका की!"

"उडवतोच! बघ तुझी मादीसुद्धा आणतो!" आणि हाजी ह्यांच्याकडे वळले. "जजसाहेब, तुम्ही यायचं. भांडण झालं तर वकील हाताशी असलेला बरा."

"कितव्या मजल्यावरून बघायचं?" ह्यांनी विचारलं.

"पाचव्या."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शुक्रवारी पाण्याच्या दोन बाटल्या घे."